शॅडो सिनेटर 'पदच्युत' कसे?

प्रश्न असा आलाय की वॉशिंग्टन डीसीच्या 'शॅडो सिनेटर'ना एका भाषांतरात 'पदच्युत सिनेटर' म्हटलंय, ते चालेल का, आणि नसेल तर मराठीत काय म्हणायचं.

नाही चालणार. मूळात 'अनसीटेड' असणार, निवडणुकीच्या बातम्यांत त्याचा अर्थ खुर्चीवरून खाली खेचलेला, म्हणून हा घोळ. इथे कोणाला कोणी खेचलेलं नाही, मुळात खुर्चीच नाहीये! डीसी राज्य नाही त्यामुळे सिनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहात, त्यांना जागा नाही, तरी तिथले मतदार १९९० पासून दोन सिनेटर निवडतात (पहिल्या दोघांत नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन होते) आणि त्यांनी राज्याच्या दर्जासाठी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मागे लागायचं. युक्ती जुनीच आहे, टेनेसीने १७९६ मध्ये राज्य होण्याआधीच सिनेटर निवडून पाठवले होते, अलास्काने १९५६ मध्ये तेच केलं आणि १९५९ मध्ये ते राज्य झालंसुद्धा.

आता 'शॅडो'. छाया मंत्रिमंडळ आपल्याला माहितीये, मनसेने २०२० मध्ये शॅडो कॅबिनेट काढलं होतं, पण ते सत्तेतल्या मंत्र्यावर नजर ठेवायला. हे सिनेटर कोणावर नजर ठेवणार, समोर खरा सिनेटरच नाही. 'प्रतिसिनेटर' पण नको, प्रति- म्हटलं की साताऱ्याचं प्रतिसरकार आठवतं, त्यांना इंग्रज सरकार मान्यच नव्हतं, इथे उलट ह्यांना त्याच सभागृहात आत घ्या म्हणायचंय. 'भावी' तर नकोच, आपल्याकडे भावी आमदार फ्लेक्सवर असतो, निवडून आलेला नसतो. आणि गंमत म्हणजे डीसीच्या मतपत्रिकेवर शॅडो शब्दच नसतो, तिथे सरळ 'युनायटेड स्टेट्स सिनेटर' छापतात, शॅडो हे लोकांच्या तोंडचं.

माझं मत 'बिनखुर्चीचे सिनेटर', बिनखात्याच्या मंत्र्यासारखं. थोडं खट्याळ वाटेल, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं. गंभीर मजकुरात सरळ शॅडो सिनेटर ठेवा आणि एकदा अर्थ सांगून मोकळे व्हा.

त्याच भाषांतरात 'व्होटिंग राइट्स'ला 'मताधिकार' केलंय, त्यानेही गैरसमज होईल. डीसीवाल्यांना मत आहे, १९६१ च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राष्ट्राध्यक्ष निवडतानाही आहे. प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, त्यांचा एक डेलिगेट (प्रतिनिधी) बसतो, १९९१ पासून एलेनॉर होम्स नॉर्टन, कमिटीत मत देता येतं पण बिल अंतिम मतदानाला आलं की नाही. म्हणजे मागणी आहे ती सभागृहातल्या मताची. गोवा केंद्रशासित होता तेव्हाही त्याचे दोन खासदार लोकसभेत पूर्ण मत द्यायचे, त्यामुळे आपल्या वाचकाला हे फोडूनच सांगावं लागतं.

'स्टेटहूड'ला मात्र तयार शब्द आहे, 'राज्यत्व' वगैरे पुस्तकी नको. गोव्यात ३० मे ला घटकराज्य दिन असतो, १९८७ पासूनचा, तोच घ्या. म्हणजे वाक्य असं होईल: 'डीसीला घटकराज्याचा दर्जा आणि काँग्रेसमध्ये मत मिळावं म्हणून तिथले बिनखुर्चीचे सिनेटर झगडतायत.'