खलाशाची खोली

प्रश्न : रत्नागिरीत माझी मासेमारी बोट आहे. आठ वर्षं तेच नेपाळी खलाशी येतात. यंदा वाडीत ठराव झाला, ‘यांना खोली द्यायची नाही.’ माझं घर, मी दिली तर? – एक बोटमालक

उत्तर : अहो, वाडीची बैठक म्हणजे संसद नव्हे! भारत-नेपाळ कराराच्या (१९५०) सातव्या कलमाने त्यांना इथे राहण्याची मुभा आहे. जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क देणारं घटनेचं २१वं कलमही ‘व्यक्ती’ म्हणतं, ‘नागरिक’ नाही. ओळखपत्राची प्रत ठेवा, पोलीस ठाण्यात माहिती द्या आणि खोली खुशाल द्या. गावकीने तुम्हालाच वाळीत टाकलं, तर २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. आमच्या पडवीत राहणारा असाच एक नेपाळी खलाशी पोरगा ३१ जुलैच्या रात्री कंदिलाशी फाटकं जाळं शिवत होता. बोटं मिठाने चिरलेली. ठरावावर सह्या करणाऱ्यांनी त्याच्याच बोटीची सुरमई खाल्ली असेल.