'साडेतीन' म्हणतो, मग 'साडेदोन' का म्हणत नाही?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, आपली सात वर्षांची मुलगी 'साडेदोन वाजले' असे म्हणते, आणि तिला 'अडीच' म्हणायला सांगितले की 'साडेतीन चालते, तर साडेदोन का चालत नाही?' असे विचारते. मुलीचा तर्क बिनचूक आहे. तिची अडचण एवढीच की, मराठीत अपूर्णांक सांगण्याच्या दोन निरनिराळ्या रीती एकाच वेळी नांदतात आणि ती त्यांपैकी नव्या रीतीने चालते आहे.

नवी रीत म्हणजे 'साडे'ची. संस्कृत 'सार्ध', म्हणजे 'अर्ध्यासह', हा शब्द प्राकृतातून येता येता 'साडे' झाला. म्हणून साडेचार म्हणजे अर्ध्यासह चार. 'सार्धशती' या शब्दात तो मूळ रूपात आजही दिसतो, कारण सार्धशती म्हणजे शंभर आणि वर अर्धे शतक, अर्थात 150 वर्षे. ही बेरजेची रीत आपल्याला इतकी सरावाची आहे की दुसरी काही असू शकेल हे सहसा मनातच येत नाही.

जुनी रीत मात्र बेरजेची नाही. तिच्यात पुरे झालेले आकडे मोजत नाहीत, तर जो आकडा अर्धाच भरला आहे त्याचे नाव घेतात. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा आहे, म्हणून 'अर्धतृतीय'. याच शब्दाचे प्राकृतात 'अड्ढाइज्ज' झाले आणि पुढे मराठीत 'अडीच', हिंदीत 'ढाई', गुजरातीत 'अढी'. तसेच एक पूर्ण झाला आणि दुसरा अर्धा आहे, हे सांगणारा प्राकृत शब्द 'दिवड्ढ', आणि त्याचाच आपला 'दीड'. म्हणजे 'अडीच' या शब्दाच्या पोटात 'दोन' कुठेच नाही, आहे तो 'तीन'. 'साडेदोन'शी त्याचे मूल्य जुळते, घडण जुळत नाही.

हे दोन्ही शब्द किती जुने असावेत याचा अंदाज अशोकाच्या लघुशिलालेखावरून येतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या या लेखाची एक प्रत मध्य प्रदेशातील रूपनाथ येथे आहे. आपण उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला, असे सम्राट त्यात सांगतो, आणि तिथे 'अढतियानि' हा शब्द येतो; लेखाच्या उत्तरार्धात, हे कार्य निदान दीडपट वाढेल, असे म्हणताना 'दियढिय' येतो. तेवीसशे वर्षांपूर्वी खडकावर कोरलेला शब्द आपण दुपारच्या गाडीची वेळ सांगताना वापरतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्या काळी ही रीत दोन-तीन आकड्यांपुरती नव्हती. मनुस्मृतीत ब्राह्मणाने साडेचार महिने वेदाध्ययन करावे असे सांगताना 'अर्धपञ्चम' हा शब्द वापरला आहे, म्हणजे पाचवा महिना अर्धा. पाली ग्रंथांत बुद्धाबरोबर 1250 भिक्षू असल्याचा उल्लेख येतो तो 'अर्धे तेरावे शतक' अशा अर्थाच्या शब्दांत. भारताबाहेरही ही पद्धत आढळते. रोमन लोकांच्या 'सेस्टर्शियस' या नाण्याचे नाव 'तिसरे अर्धे' या अर्थाचे आहे, कारण त्याची मूळ किंमत अडीच 'अॅस' (रोमनांचे एक छोटे नाणे) होती. जर्मन माणूस अडीच वाजले हे आजही 'अर्धे तीन' अशा शब्दांत सांगतो. आणि डॅनिश भाषेतील पन्नासचा शब्द तर 'अडीच विसा' असाच, म्हणजे 'अर्धे तिसरे वीस', घडला आहे.

आपल्याकडे 'साडे' आला आणि त्याने मोठ्या आकड्यांवरून जुनी रीत हटवली, पण दीड आणि अडीच यांच्यापुढे त्याचे चालले नाही. मला याचे कारण वापर हेच वाटते. जे शब्द दिवसातून दहादा तोंडी येतात ते नियमाला सहसा बधत नाहीत. 'बसणे'चे 'बसला' होते, पण 'जाणे'चे 'गेला' आणि 'करणे'चे 'केला' होते, ते लहान मूलही ऐकून ऐकून शिकते. बाजारात, मापात, व्याजात दीड आणि अडीच सतत लागत, साडेसात तितके लागत नसत. हिंदी, गुजराती आणि बंगाली या भाषांतही 'साडे'ची मजल तीनपर्यंतच येऊन थांबली आहे, तेव्हा हा काही मराठीचाच हट्ट नव्हे.

खरी गंमत साडेतीनची आहे. त्यालाही जुन्या रीतीचा स्वतंत्र शब्द होता: 'अर्धचतुर्थ', प्राकृतात 'अद्धुट्ठ', मराठीत 'औट'. माझे आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांनंतर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, म्हणून दाखवत, आणि औटकीत दोनदा औट सात, तिनदा औट साडेदहा, असे वाढत जाई. संतांच्या वाणीत 'औट हात' म्हणजे साडेतीन हातांचा मनुष्यदेह. पुढे रुपया 1957 साली दशमान झाला, वजनमापेही बदलली, शाळांतून अपूर्णांकांचे पाढे गेले, आणि औट रोजच्या बोलण्यातून उठला. साडेतीन मुहूर्त, साडेतीन शक्तिपीठे, पेशवाईतील साडेतीन शहाणे, सगळीकडे आता 'साडे'च आहे.

औट उरला तो 'औट घटकेचे राज्य' या वाक्प्रचारात. घटका 24 मिनिटांची, म्हणजे हे राज्य 84 मिनिटांचे. हल्ली पुष्कळांना त्यातला 'औट' हा क्रिकेटमधला 'आउट' वाटतो, आणि राज्य जाणारच असल्यामुळे तो अर्थ बसतोही! आपल्या मुलीला हे सगळे सांगितलेत, तर उद्या ती 'औट वाजले' म्हणू लागेल, आणि तेव्हा मात्र तिला चूक म्हणता येणार नाही.