लहान झालेले कपडे आणि न सांगितलेले पैसे

"मॅडम, एक सांगायचं राहिलंय. रागावणार नसाल तर सांगते."

कर्जात अडकलेल्यांना परतफेडीचा सल्ला देणं हे माझं काम. समोरचं माणूस असं म्हणालं की मी पेन खाली ठेवते. यानंतर बहुतेक वेळा लपवलेलं एखादं क्रेडिट कार्ड निघतं, नाहीतर भावाकडून घेतलेली उसनवारी. या बाईंच्या पिशवीतून मात्र निघाली शाळेची अर्धी उरलेली वही. मागच्या पानांवर बारीक अक्षरात नोंदी होत्या: दोन झबली, एक स्वेटर, तीन पायजमे (गुडघ्याला विरलेला एक, फुकट दिला). प्रत्येकापुढे तारीख आणि रक्कम.

नवराबायको दोघं मिळून परतफेड योजनेत, म्हणजे थकलेलं कर्ज ठरवून दिलेल्या हप्त्यांत फेडण्याच्या करारात होते. एकूण 60 हप्ते, त्यातले 9 भरून झालेले, एकही चुकवलेला नाही. थोरली पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. थोरलीचे कपडे धाकट्याने वापरले, आता तेही त्याला होईनात, म्हणून तिने फोनवरून फोटो काढून ते ऑनलाइन विकायला सुरुवात केली होती. मग वार्षिक आढाव्याचं पत्र आलं: गेल्या तीन महिन्यांचा बँक खात्याचा उतारा जोडा. त्यात अनोळखी नावांनी जमा झालेल्या 14 छोट्या रकमा होत्या.

"कमाई लपवली म्हणतील का? योजना मोडेल? ह्यांना तर हे माहीतच नाही."

कपडे, खेळणी, पाळणा, सायकल... वस्तू बदलते, पण हा प्रश्न माझ्याकडे येतच राहतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

परतफेड योजनेचा सगळा डोलारा एका कागदावर उभा असतो. घरात येणारे पैसे, त्यातून आवश्यक खर्च वजा, आणि उरेल ते कर्ज देणाऱ्यांमध्ये त्यांच्या थकबाकीच्या प्रमाणात वाटायचं. त्या बदल्यात ते व्याज थांबवतात किंवा कमी करतात. ते हे करतात कारण कागदावरचं चित्र खरं आहे असं ते धरून चालतात. म्हणूनच उत्पन्न वाढलं तर कळवा, असं कलम जवळजवळ प्रत्येक करारात असतं.

आता, स्वतःच्या मुलाचा वापरलेला स्वेटर विकणं हे उत्पन्न आहे का? साध्या अर्थाने नाही. घेतला त्याहून कमी पैशांत तो गेला, त्यात नफा कुठला? घरातल्या एका वस्तूचे थोडे पैसे झाले, इतकंच. अंगावरचे रोजचे कपडे तर अनेक देशांच्या कायद्यांत जप्तीतूनही वगळलेले असतात. पण हेच कपडे स्वस्तात विकत घेऊन चढ्या भावाने विकायला लागलात, तर तो धंदा झाला. त्याची जागा उत्पन्नाच्या रकान्यात. आणि तुमची योजना कोर्टामार्फत किंवा कायद्याखाली झालेली असेल, तर घरातली मौल्यवान वस्तू विकण्याआधी विचारावं लागू शकतं. करार काढून ते कलम वाचा, समजलं नाही तर योजना सांभाळणाऱ्याला फोन करा. शेजारणीच्या योजनेत चाललं म्हणून तुमच्यात चालेल, असं धरू नका.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. वही उघडी ठेवून बेरीज केली, पोस्टाचा खर्च आणि संकेतस्थळाचं कमिशन वजा केलं. उरलेली रक्कम एका हप्त्याच्या पाव भागाइतकीही नव्हती. आढाव्याच्या फॉर्मसोबत एक ओळ लिहायची: मुलांचे वापरलेले कपडे विकून आलेली किरकोळ रक्कम, मुलांच्याच कपड्यांवर खर्च. वहीच्या पानांची झेरॉक्स जोडायची. त्यांचा चेहरा निवळला आणि त्या उठायला लागल्या.

मी सहज विचारलं, "मग नव्या मापाचे कपडे कुठून घेता?"

"तिथूनच. आता ते चार भागांत पैसे घेतात ना, त्यामुळे एकदम बोजा पडत नाही."

मी त्यांना पुन्हा बसायला सांगितलं.

ज्या गोष्टीने त्यांची झोप उडाली होती तिला मी फारसं महत्त्व दिलं नसतं. जी त्या जाता जाता बोलून गेल्या ती खरी गंभीर होती. आता घ्या, पैसे नंतर चार भागांत द्या, हे कर्जच. त्यावर व्याज नसेल, नाव गोंडस असेल, बटण गुलाबी असेल, तरी कर्जच. योजना चालू असताना नवं कर्ज घ्यायचं नाही, ही अट त्यांनी स्वतः सही करून मान्य केली होती. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. ते कर्ज आहे हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानदाराने ते तसं दिसू नये याची पुरेपूर काळजी घेतलेली असते.

असे दोन व्यवहार चालू होते. का, हे शोधताना मी त्यांचं जुनं अंदाजपत्रक काढलं आणि गप्प झाले. ते मीच भरलेलं होतं. मुलांच्या कपड्यांपुढे मी मोठ्या माणसांच्या हिशेबाने आकडा टाकला होता, जणू मूल वर्षाला एकदा कपडे बदलतं.

बाळ पहिल्या वर्षात साधारण 25 सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात 12 च्या आसपास. पुढे वेग मंदावतो, शाळकरी वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर. काही कपड्यांच्या लेबलवर महिन्यांऐवजी उंचीचे आकडे असतात: 56, 62, 68, 74, 80. सहा-सहा सेंटिमीटरच्या पायऱ्या. म्हणजे पहिल्या वर्षातच बाळ चार पायऱ्या चढतं, आणि प्रत्येक पायरीला कपाट नव्याने भरावं लागतं. धाकट्याला थोरलीचे कपडे मिळतील असं मी गृहीत धरलं होतं, पण थोरलीचे कुठून येणार, याचा विचार केला नव्हता. ती बाई माझ्या चुकीचं भोक झबली विकून बुजवत होती.

त्या आढाव्यात आम्ही कपड्यांचा आकडा दुरुस्त केला. हप्ता थोडा खाली आला. कारण नोंदींसकट लिहिलं होतं, त्यामुळे खळखळ न करता ते मान्य झालं. चालू असलेले दोन्ही व्यवहार काय आहेत ते कळवलं, ते फेडले आणि फोनवरून ती सोय काढून टाकली. नवऱ्याला त्यांनी घरी जाऊन सांगितलं. तो चिडला तो विकण्यावर नव्हे, तर एक निळा कोट विकला गेला म्हणून. तो त्याने आणला होता.

विकण्याबद्दलही थोडं बोललो, कारण त्यात त्यांच्या संध्याकाळी जात होत्या. एकेक टोपी वेगळी विकायची, तिचं पार्सल बांधायचं, पोस्टात जायचं, आणि हाती पडायचं जवळजवळ काहीच नाही. त्यापेक्षा एका मापाचे आठ-दहा कपडे एकत्र, ऋतू सुरू व्हायच्या थोडं आधी. फोटो दिवसाउजेडी खिडकीपाशी, डाग असेल तर डागाचाही फोटो. टोपीच्या जाकिटाला गळ्याशी दोरी असेल तर ती काढून टाकायची, लहान मुलाच्या गळ्याला ती अडकते. आणि पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबायचं.

किमतीवर मात्र त्या अडून बसायच्या. "एवढा चांगला फ्रॉक, आणि इतकंच देतात?" डॅनियल काहनेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर यांचा 1990 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. काही जणांना कॉफीचा साधा मग देऊन टाकला आणि कितीला विकाल विचारलं. ज्यांना मग मिळाला नव्हता ते जेवढे पैसे द्यायला तयार होते, त्याच्या दुप्पटीहून जास्त मागणी मगवाल्यांनी केली. काही मिनिटं हातात असलेल्या मगाची ही गत, तर ज्या फ्रॉकमध्ये मुलगी पहिल्यांदा चालली त्याचं काय! घेणाऱ्याला ते चालणं दिसत नाही, त्याला फक्त माप आणि शिवण दिसते. त्यामुळे ज्याची किंमत करताना हात थरथरतो ते विकूच नका, ठेवून द्या. बाकीचं जाऊ द्या.

तीन महिन्यांनी त्यांचा मेसेज आला: "शेजारणीने तिच्या मुलाचे दोन पिशव्या कपडे विकायला दिलेत. निम्मे पैसे मला. हे कुठल्या रकान्यात?"

मी लिहिलं, "उत्पन्नाच्या. वहीत वेगळं पान करा."

"केलंय," त्यांचं उत्तर आलं. "फक्त विचारून घेतलं."