उभ्या गाडीतला पंखा कोणासाठी फिरतो?

प्रश्न : माझी विजेवर चालणारी मोटार रात्री घरच्या चार्जरला जोडलेली असताना मधूनच पंखा आणि पंप सुरू झाल्याचा आवाज येतो. चार्जरला न जोडता नुसती उन्हात उभी असतानाही एकदोनदा तसाच आवाज ऐकू आला. बॅटरी तापते आहे असे समजायचे का? आणि ही यंत्रणा कोणाच्या विजेवर चालते?

उत्तर : आवाज सारखा असला तरी दोन्ही वेळची कारणे बहुधा निराळी आहेत. बॅटरीतून प्रवाह जाताना तिच्या अंतर्गत रोधामुळे उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, बॅटरीचा विद्युतदाब ३५० व्होल्ट आणि रोध ०.१ ओहम आहे. ७ किलोवॅटच्या घरगुती चार्जरवर प्रवाह होतो २० अँपिअर आणि उष्णता अवघी ४० वॅट, म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या दिव्याइतकी. तीच बॅटरी १०० किलोवॅटच्या जलद चार्जरला लावली, तर प्रवाह २८५ अँपिअरच्या आसपास जातो आणि उष्णता ८ किलोवॅटच्या वर. प्रवाह चौदा पट वाढला, पण उष्णता दोनशे पट. त्यामुळे जलद चार्जिंगच्या वेळी पंखा गरजू लागला तर नवल नाही. तो गप्प राहिला असता तरच काळजीचे कारण होते.

मग घरी तापते ते काय? घरातली वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते आणि बॅटरीला एकदिश प्रवाह लागतो. हे रूपांतर गाडीतच बसवलेला चार्जर करतो, त्यात काहीशे वॅट वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि ती बाहेर टाकण्यासाठी अनेक गाड्यांमध्ये पंप शीतक द्रव फिरवतो. रात्रीचा आवाज बॅटरीपेक्षा या चार्जरसाठी असण्याचा संभव अधिक आहे. (जलद चार्जरमध्ये हे रूपांतर गाडीबाहेरच होते.)

उन्हाची गोष्ट वेगळी. बंद गाडीची आतली हवा काही मिनिटांत भाजू लागते. बॅटरी मात्र फार जड असते. ४०० किलो वजनाच्या बॅटरीचे तापमान १० अंशांनी वाढवायला साधारण एक युनिटभर ऊर्जा आत शिरावी लागते, आणि ती गाडीच्या तळातून हळूहळू, काही तासांत शिरते. हाच जडपणा उलटही नडतो, कारण लांबच्या प्रवासात साठलेली उष्णता गाडी उभी केली म्हणून लगेच निघून जात नाही. म्हणून काही गाड्यांतील नियंत्रक मधूनमधून जागा होऊन सेलचे, म्हणजे बॅटरी ज्या लहान घटकांची बनलेली असते त्यांचे, तापमान तपासतो आणि ते मर्यादेबाहेर असेल तर पंप सुरू करतो. तेवढ्याने भागले नाही तर वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर लावून शीतक द्रव थंड करतो. गाडी चार्जरला जोडलेली असेल तर यासाठी बाहेरची वीज वापरता येते. नसेल तर बॅटरी स्वतःचीच वीज खर्च करते, आणि म्हणून चार्ज बराच उतरलेला असताना हे काम बहुधा थांबवले जाते. उभ्या गाडीचे एखाददोन टक्के कमी झालेले दिसले, तर तो खर्च आम्ही तरी वाया गेलेला मानणार नाही.

अशी व्यवस्था नसली तर काय होते, हे निसान लीफच्या पहिल्या पिढीत दिसले. २०१० मध्ये बाजारात आलेल्या या गाडीच्या बॅटरीला शीतक द्रव नव्हता. उष्णता आपोआप बाहेर पडेल, एवढ्यावर भिस्त होती. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात काही मालकांच्या बॅटऱ्यांची क्षमता अपेक्षेपेक्षा फार लवकर घटली आणि २०१२ मध्ये त्याचा बराच गाजावाजा झाला.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत जलद चार्जरला लावल्यावर सुरुवातीला वेग फारच कमी का मिळतो?

उत्तर : गार सेलमध्ये लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) ऋण टोकाकडील ग्रॅफाइटच्या थरांत पुरेशा वेगाने शिरू शकत नाहीत. तरीही प्रवाह रेटला, तर लिथियम पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचते, आणि त्यातला काही भाग कायमचा निकामी होतो. ० अंशाखाली हा धोका विशेष असतो. म्हणून नियंत्रक सर्वांत गार सेलकडे पाहून वेग ठरवतो आणि दरम्यान हीटरने किंवा मोटरच्या उष्णतेने बॅटरी ऊबदार करतो. अनेक गाड्यांमध्ये नकाशावर चार्जर हेच मुक्कामाचे ठिकाण नेमून दिले, की ही तयारी वाटेतच सुरू होते.

प्रश्न : मग गाडी कायम चार्जरला जोडूनच ठेवावी का?

उत्तर : जोडून ठेवायला हरकत नाही, पण कडक उन्हाळ्यात ती पूर्ण भरलेली ठेवू नये. उष्णता आणि भरलेली बॅटरी यांची गाठ पडली, की गाडी न हलताही सेल लवकर म्हातारे होतात. मर्यादा ८० टक्क्यांच्या आसपास ठेवावी आणि प्रवासापूर्वी पूर्ण भरायची असेल तर चार्जिंग निघण्याच्या सुमारास संपेल अशी वेळ लावावी. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत मात्र चार्जचा अंदाज अचूक राहावा म्हणून उत्पादक अधूनमधून १०० टक्के भरण्यास सांगतात. तेथे गाडीच्या पुस्तिकेतील सूचनाच पाळावी.