सीए की सिरॅमिक?

ऐरोलीच्या एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावी कॉमर्सला. ठाण्यातल्या एका सिरॅमिक कलावंत बाईंच्या स्टुडिओत दर शनिवारी जाते आणि आता हट्ट धरून बसलीय, हेच करणार. वडील म्हणतात, सीए सोडून मडकी घडवणार का? आई मध्ये अडकलीय.

ताई, लेकीला प्रेरणा कशातून मिळते याची काळजी सोडा. तुम्हीच लिहिलंय की ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलाला पडलेल्या भेगांचे फोटो ती काढत बसते. नजर आहे पोरीकडे. प्रश्न आहे तो स्टुडिओतल्या रोजच्या कामाचा. शनिवारच्या दोन तासांत मळून ठेवलेली माती आणि फिरतं चाक हातात येतं. बाकीचं दिसतच नाही.

ते असं असतं. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत भांडं वाळता वाळत नाही. वरून कोरडं दिसतं, पण गालाला लावलं की गार लागतं, म्हणजे आत ओल आहे. तसंच भट्टीत घातलं तर वाफेने फुटतं आणि शेजारच्या चार भांड्यांचाही निकाल लावतं. पहिली भाजणी साधारण 1000 अंशांना, मग ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावून स्टोनवेअरसाठी, म्हणजे दगडासारख्या टणक भांड्यांसाठी, 1200 च्या वर. तांब्याचं ग्लेझ विजेच्या भट्टीत हिरवं येतं, तर गॅसच्या भट्टीत प्राणवायू कमी ठेवला की लालही होतं. निवण्याआधी घाईने दार उघडलं तर तडे. शिवाय सुकी माती झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. तिच्यातली सिलिका फुप्फुसात जाते.

म्हणून परीक्षा झाली की सुट्टीभर तिला त्याच बाईंकडे मदतनीस म्हणून पाठवा. चाकावर बसायला नाही. माती मळायला, भट्टी भरायला, फरशी पुसायला. त्यानंतरही उत्साह टिकला, तर पुढचं बोलू.

वाटा आहेत. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये सिरॅमिकचं शिक्षण मिळतं. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत सिरॅमिक अँड ग्लास डिझाइनची पदवी आहे. तिथे कोणत्याही शाखेची बारावी चालते, प्रवेश परीक्षा मात्र खडतर. आणि पदवीशिवायही माणसं घडतात: रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी 1971 मध्ये पुदुच्चेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीत आजचे कितीतरी नावाजलेले कलावंत शिकले.

पैशाचं म्हणाल, तर नुसत्या कलाकृती विकून घर चालवणारे थोडेच. बहुतेकांचं गाडं क्लासेस आणि कॅफे-हॉटेलांच्या ताटवाट्यांच्या ऑर्डरवर चालतं. कॉमर्स वाया जाईल ही भीती मला त्यामुळेच फारशी वाटत नाही. भाव ठरवताना फुटलेल्या भांड्यांचा खर्च धरायला विसरणारे कलावंत पुष्कळ असतात.

स्टुडिओत जाताना तिच्या वडिलांनाही न्या. भट्टीचं बिल किती येतं, शंभरातली किती भांडी फुटतात, क्लास बंद ठेवले तर जागेचं भाडं निघतं का, हे त्यांनाच विचारू द्या, लेकीच्या समोर.