कोकणात शूट केलं तर पाणीटंचाई खरी वाटेल का?

पाणीटंचाईवर लहान मुलाच्या नजरेतून दहा मिनिटांचा लघुपट करताय, तो कोकणात शूट केला तर लोकांना पटेल का आणि मुलांकडून काम कसं करून घ्यायचं, असं तुम्ही विचारलंय. पटेल. न पटणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत मी असाच लघुपट केला होता. त्यात माझी आठ वर्षांची पुतणी होती. विहिरीने एप्रिलमध्येच तळ गाठलेला. पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, वाळू उकरून केलेल्या झऱ्यावर नंबर लागायचे. पुतणी करवंटीने पाणी काढायची. करवंटी जरा खोल गेली की गाळ ढवळतो, म्हणून ती आडवी धरून वरच्यावर सरकवायची, फुंकर मारून पान बाजूला सारायची आणि कळशीच्या तोंडावरच्या फडक्यावर हळूच ओतायची. चार करवंट्यांत खड्डा रिकामा व्हायचा. मग पाणी पाझरेपर्यंत गप्प बसून राहायची. मी काहीच सांगितलं नव्हतं, तिचं ते रोजचंच होतं. मुलांकडून काम करून घ्यायचं म्हणजे एवढंच.

दुसऱ्या प्रसंगात मुंबईहून आलेला चुलतभाऊ न्हाणीत तांब्यावर तांबे ओततोय आणि ही दाराबाहेर उभी राहून तांबे मोजतेय. संवाद एकही नाही.

एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "मागे एवढी आंब्याची हिरवी कलमं दिसतायत, टंचाई कुठे आहे? भेगाळलेली जमीन हवी होती." मी तेव्हा गप्प बसलो, त्याची रुखरुख अजून आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पण इथला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटरवर. पावसाळ्यात दुथडी वाहणारा पऱ्या शिमग्यापर्यंत कोरडा. आंब्याची मुळं खोल जातात, झाड हिरवंच राहतं. आमच्या सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळपठारावरून, समुद्र दिसतो, आणि खालच्या किनाऱ्यावरच्या काही विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. टंचाई म्हटली की भेगाच दाखवायच्या, हा निव्वळ आळस आहे. रडणारं पोरही नको. पोरं पाण्यासाठी रडत नाहीत, वाट बघतात.

अर्थात सगळं कोकण असं नाही. चिपळूणकडे वाशिष्ठी नदीला कोयनेचं अवजल, म्हणजे वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी, येतं, वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट)पर्यंत, आणि बरंचसं समुद्राला मिळतं. काही गावांत बारमाही पाट आहेत. तिथे शूट केलंत तर मात्र खोटं वाटेल. डिसेंबरात गेलात तरी तेच, तेव्हा लोक पोत्यांचे वनराई बंधारे घालत असतात, पऱ्यात पाणी असतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात जा, पहाटे चारला झऱ्यावर बसा. कॅमेरा कळशीच्या उंचीवर ठेवा. आणि मागची कलमं फ्रेममध्ये राहू द्या, अगदी आंब्यांनी लगडलेली.