सहा तारांच्या स्टील गिटारवर सी-सिक्स्थ ट्यूनिंगमध्ये मायनर कॉर्ड कशी वाजवायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे सहा तारांची लॅप स्टील आहे, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूचा रॉड सरकवत वाजवायची गिटार, जाड तारेकडून बारीक तारेकडे सी-ई-जी-ए-सी-ई अशी लावलेली. मेजर सहज वाजते, मायनर आली की गाडी अडते. मग मायनरसाठी ट्यूनिंग बदलायचं, आठ तारांची गिटार घ्यायची की सरळ पेडल स्टीलकडे (पायातल्या पेडलने तारांचे सूर बदलणारी स्टील गिटार) वळायचं, असा तुमचा प्रश्न.

काहीही घेऊ नका आणि एकही खुंटी पिळू नका. मायनर तुमच्या गिटारवर लागलेलीच आहे.

सीला सा माना आणि तुमच्या तारा सरगममध्ये म्हणून बघा. सा ग प ध सा ग. सा ग प ही मेजर, तिच्यात सहावा ध मिळवला की सिक्स्थ. म्हणजे रिषभ गाळलेला भूप राग. आता धैवताला सा माना. असं केलं की भूपाचा धानी होतो, हे पेटीवर चार दिवस बसलेल्यालाही माहीत असतं. ध-सा-ग हे तीन स्वर झाले सा, कोमल गंधार, पंचम. हीच तुमची मायनर. तिसरी, दुसरी, पहिली (पहिली म्हणजे सगळ्यात बारीक) एवढ्या तीन तारा छेडायच्या आणि चौथीला हात लावायचा नाही. बाराव्या फ्रेटवर ए मायनर, पाचव्यावर डी मायनर, सातव्यावर ई मायनर, तिसऱ्यावर सी मायनर. खालच्या अंगाला हवी असेल तर पाचवी-तिसरी-दुसरी घ्या, आणखी खाली हवी तर सहावी-पाचवी-तिसरी. सगळीकडे चौथी गाळायची. मेजरला तिसरी सोडा, मायनरला चौथी सोडा, एवढंच गणित आहे. आणि सगळ्या तारा वाजवल्यात तर ए मायनर सेव्हन्थ मिळते, तीही फुकट.

पुस्तकी उत्तर इथे संपलं. पण त्यावर तुमचं काम होणार नाही, कारण एवढं मला १९८२ सालीही कळलं होतं आणि तरी भर तालमीत माझी मायनर मायनर वाजली नव्हती.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. परळच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक हवाइयन गिटार वाजवायचो. लॅप स्टील हा शब्द आमच्याकडे कुणी वापरत नसे. माझं काम ठरलेलं, मुखड्याची धून आणि मधले म्युझिकचे तुकडे. तारा ए मेजरच्या, ई-ए-ई-ए-सी शार्प-ई, कारण ज्यांच्याकडे शिकलो ते तशाच लावायचे. हवाइयन गिटारवादक सुनील गांगुलींच्या रेकॉर्ड ऐकायच्या आणि एका तारेवर गाणं कसं गातं होईल ते बघायचं, हेच शिक्षण. ते शिक्षण मी आजही कमी लेखत नाही. ब्रिजभूषण काबरांनी याच वाद्यावर आलाप उभा केला, तो कॉर्ड वाजवून नव्हे. पण मला गायिकेच्या आवाजाखाली कॉर्ड धरायच्या होत्या आणि आमचे मास्तर ते होऊ देत नव्हते. मास्तर स्वतः अकॉर्डियन वाजवायचे. त्यांनी एकदा निकाल दिला, "हवाइयनवर मायनर निघत नाही. रॉड सरळ, तारा मेजरच्या. तू आपली धून वाजव."

ए मेजरच्या तारांपुरतं ते खरं होतं. म्हणूनच जास्त लागलं.

माहीमला एक गोवेकर काका राहायचे. फिल्मच्या रेकॉर्डिंगमध्ये आयुष्यभर गिटार वाजवलेले, तेव्हा निवृत्तीला आलेले. ओळखीतून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझं वाद्य हातात घेतलं, तारांवरून एकदा अंगठा फिरवला आणि विचारलं, "बाब, हे सगळं सुटं वाजतंय ते मेजर. मग गाण्यात दुःख आलं की तू काय करतोस?" मी म्हटलं, धून वाजवतो. त्यांनी पावाच्या कागदी पिशवीवर पेन्सिलीने सहा अक्षरं लिहून दिली. सी ई जी ए सी ई. त्यातल्या जीभोवती गोल केला आणि म्हणाले, "मायनरमध्ये ही गप्प बसली पाहिजे." मला वाटलं, न वाजवली म्हणजे गप्पच बसली. तिथेच माझी चूक झाली, पण ती कळायला दोन वर्षं गेली.

घरी येऊन जुन्याच तारा चढवायला घेतल्या. पाचवी ए वरून ई पर्यंत न्यायची म्हणजे सात अर्धस्वर. ती अर्ध्यातच तुटली आणि मनगटावर सपकन बसली. दुसऱ्या दिवशी धोबी तलावला जाऊन साध्या गिटारच्या सुट्या तारा आणल्या. साध्या गिटारची तिसरी माझी चौथी झाली, चौथी माझी पाचवी आणि पाचवी माझी सहावी. (तुम्ही सी-सिक्स्थचा तयार सेटच घ्या. तसा न मिळाल्यास चौथीला ०.०२४, पाचवीला ०.०३० आणि सहावीला ०.०३६ इंचाची तार लावा, मी अजून त्याच लावतो.) भूप-धानीची गोष्ट माझ्या वडिलांनी पकडली. ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मी खाटेवर बसून त्या सहा तारा खाजवत होतो, ते आतून म्हणाले, "भूप लावलायस की रे. धैवतावर बस, धानी होईल." काकांनी पेन्सिलीने केलेला गोल आणि वडिलांचं ते वाक्य, दोन्ही मिळून मला ट्यूनिंग समजलं.

गणपतीच्या आधीची तालीम. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, बाक भिंतीला लावलेले, बाहेर पाऊस. आमचा बेस गिटारवाला गिरणीत होता. अठरा जानेवारीला संप सुरू झाला, पगार बंद, तो बायकापोरांना घेऊन गावी भात लावायला गेला होता. म्हणजे त्या दिवशी बेस नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एका गाण्यात चार मात्रा सी आणि चार मात्रा ए मायनर असं येत होतं. मी मास्तरांना म्हटलं, एवढ्या दोन कॉर्ड्स मला द्या. रॉड बाराव्या फ्रेटवर ठेवला. सहावी-पाचवी-चौथी, सी मेजर. मग तिसरी-दुसरी-पहिली, ए मायनर. रॉड हलवायची गरजच नाही, केवढी सोय! मास्तरांनी हात वर करून थांबवलं. पुन्हा. पुन्हा थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनी अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावरून उतरवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "हा सी आहे. आणि हाही सीच आहे, सी सिक्स्थ. मायनर कुठाय? सांगितलं होतं ना, निघत नाही."

त्या सीझनला मी पुन्हा धूनच वाजवली.

पुढे दोन वर्षं मी हेच धरून बसलो होतो की मास्तरांना ऐकायचं नव्हतं. आज सांगतो, त्यांनी ऐकलं ते अगदी बरोबर ऐकलं होतं. मी सी मेजर वाजवली तेव्हा चौथी तार छेडली होती, म्हणजे जी. नंतर ए मायनरकडे गेलो तेव्हा चौथीला हात लावला नाही, पण ती आधीची वाजतच होती. रॉड उचलला असता किंवा सरकवला असता तर तो सूर तुटला असता किंवा बदलला असता. रॉड जागचा हललाच नाही, त्यामुळे जी, ई आणि सी तिन्ही तशाच घुमत राहिल्या आणि त्यांच्यावर माझ्या ए-सी-ई पडल्या. साध्या गिटारवर कॉर्ड बदलताना बोटं उठतात आणि जुना आवाज आपोआप मरतो. स्टील गिटारवर तो आपण मारावा लागतो, उजव्या हाताने. काकांनी "गप्प बसली पाहिजे" म्हटलं होतं ते हेच. नुसती न छेडणं वेगळं आणि गप्प करणं वेगळं.

करायचं असं. नख्यांनी तारा छेडल्या की पुढच्या कॉर्डच्या क्षणभर आधी तळहाताची करंगळीकडची कड तारांवर टेकवायची. दाबायची नाही, टेकवायची. त्याच हालचालीत अंगठा तिसऱ्या तारेवर, पहिलं बोट दुसरीवर, मधलं पहिलीवर येऊन बसलेलं असलं पाहिजे. कड उचलली की लगेच तीन तारा छेडायच्या. सुरुवातीला दोन कॉर्ड्समध्ये भोक पडल्यासारखं वाटेल. ते सरावाने बुजतं. मला सहा महिने लागले.

दुसरी गोष्ट १९८४ मध्ये कळली. आमचा बेसवाला गावाहून परत आला. गिरणीने त्याला घेतलं नाही, पण बेस त्याने विकला नव्हता. एका रविवारी तो आमच्या खोलीवर आला. मी बाराव्या फ्रेटवर रॉड ठेवून सहाही तारा वाजवल्या. त्याने खाली सी धरला, सी सिक्स्थ ऐकू आली, उजळ, हसरी. मी पुन्हा त्याच तारा तशाच वाजवल्या, त्याने खाली ए धरला आणि खोलीतलं ऊनच गेल्यासारखं झालं. ए मायनर सेव्हन्थ. माझा डावा हात केसभर हलला नव्हता. आम्ही हे वीसेक वेळा केलं असेल. सी, ए, सी, ए. शेवटी वडील पेटी घेऊन येऊन बसले आणि त्यांनीही खालचा सूर धरला.

म्हणजे त्या तालमीत माझी चौथी तार चुकली आणि वर बेसही नव्हता. माझ्या खाली मूळ सूर धरणारं कुणीच नव्हतं, आणि घुमणाऱ्या सहाव्या तारेचा सीच सगळ्यात खालचा सूर होऊन बसला होता. अशा वेळी कुठलाही कान त्याला सीच म्हणेल. मास्तरांचा कान बरोबर होता, निकाल चुकीचा होता. आणि माझं त्यांच्याशी भांडण त्या निकालाशीच आहे. वाजवणाऱ्याचा हात कच्चा असेल तर हात कच्चा म्हणा. वाद्यावर निघत नाही असं म्हणू नका. असं एकदा सांगितलं की शिकणारा हात सुधारायचा सोडून वाद्य बदलायला जातो. तुम्ही आठ तारा आणि पेडल स्टीलचं विचारलंत तेव्हा मला तेच वाक्य ऐकू आलं. तुम्हालाही कुणीतरी निघत नाही म्हणून सांगितलेलं दिसतंय.

तो रविवारचा सगळा प्रकार कॅसेटवर घेतला होता. मास्तरांना ऐकवायला गेलो तर ते ऑर्केस्ट्रा मोडून सांगलीकडे गेले होते. कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

वेगळ्या मायनर ट्यूनिंगचं म्हणाल तर सोल होओपीकडे बघा. हवाईचा, या वाद्यातला मोठा माणूस. १९३०च्या दशकात त्याने जे ट्यूनिंग वापरायला घेतलं त्याला सी शार्प मायनर म्हणतात. जाड तारेकडून बी, डी, ई, जी शार्प, सी शार्प, ई. त्यातला डी बाजूला ठेवा. उरले ई, जी शार्प, बी, सी शार्प. हे ई सिक्स्थ झालं! नाव मायनर, पोटात सिक्स्थ. ज्या जेरी बर्ड या अमेरिकन स्टील गिटारवादकाला सी-सिक्स्थचं श्रेय दिलं जातं त्याचं आणि होओपीचं नातं या बाबतीत किती जवळचं आहे ते यावरून दिसतं. मायनरसाठी म्हणून निराळं ट्यूनिंग लावलंत तर मेजर वाजवताना हीच रड उलट्या बाजूने सुरू होईल.

आता दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. मायनर सिक्स्थ, म्हणजे ए-सी-ई-एफ शार्प, सरळ रॉडने निघत नाही. तिथे रॉड तिरका धरावा लागतो आणि तो सुरात तिरका धरणं हे वर्षांचं काम आहे. दुसरं, तुम्ही एकटे घरी वाजवणार असाल, बेसवाला नसेल, तर आठ तारांच्या गिटारचा खरोखर फायदा आहे, कारण तिथे सीच्याही खाली ए लावतात आणि मायनरचा मूळ सूर तुमच्याच अंगठ्याखाली येतो. पण ते सहा तारांवर हात बसल्यानंतर. तोवर एकट्याने वाजवताना सहावी आणि पाचवीच्या मोहात पडू नका, वरच्या तीन तारांची मायनर घ्या, तिच्यात ए सगळ्यात खाली असतो.

सरावाला एक युक्ती देतो. जुन्या सुती फडक्याची बोटभर घडी घ्या आणि ब्रिजपाशी फक्त चौथ्या तारेखाली सरकवा, तार नुसती टक् वाजेल इतकी. आठवडाभर बाराव्या फ्रेटवर सी आणि ए मायनर वाजवा, मधे रॉड हलवू नका. मेजर तुटकी वाजेल, वाजू द्या. मायनर कशी ऐकू यायला हवी ते आधी कानात बसू दे. मग फडकं काढा आणि तोच आवाज तळहाताच्या कडेने आणा. येईपर्यंत फडकं पुन्हा घाला, पुन्हा काढा. माझं अजून गिटारच्या पेटीत आहे, आईच्या लुगड्याचं, निळ्या काठाचं.